सव्वीस ओळी

नवऱ्यासाठीची सातव्या दिवसाची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, आटोपून जांदिरा काळ्या कपड्यांतच थेट ऑफिसात आली. तिच्या हाताखालच्या वाल्दीरनं कॉफी पुढं ठेवली.

ब्राझीलमधल्या नितेरॉयच्या त्या ऑफिसात शहरातलं पावसाचं पाणी उपसणाऱ्या पंपांच्या स्क्रिप्ट, म्हणजे त्यांना चालवणारे प्रोग्राम, लिहिल्या जात. लिहायचा तिचा नवरा, एव्हारिस्तू. पण यंत्रापेक्षा बायकोसाठीच जास्त. कोडच्या मध्येच टिपा: ‘जांदिरा, इथं बोट घातलंस तर आजचा भात तू लाव.’

ती चिडायची. “अरे, कंपायलर तुझ्या टिपांना केराची टोपली दाखवतो!”

“म्हणूनच मोकळेपणानं लिहितो. यंत्र वाचत नाही, तू वाचतेस.”

दवाखान्यात तो म्हणाला होता, “शेवटच्या पंपाच्या फाइलीत तुझ्यासाठी लिहिलंय. वाच.”

“आधी बरा हो, मग भांडू,” ती म्हणाली होती.

तो गेला. तिसऱ्या दिवशी तिनं ऑफिसच्या नियमाप्रमाणं त्याचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं कोरा केला. सगळं तिथल्या सामायिक साठ्यात असतंच, हा भरवसा. नेमकी ही एक फाइल त्यानं तिथं टाकली नव्हती. तिथं सगळे वाचतात ना! नको तिथं लाजणारा माणूस.

उरली ती पंपावर चालणारी, कंपाइल होऊन यंत्राच्या भाषेत गेलेली फाइल. ती चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला लागतं तेवढंच तीत शिल्लक; टिपा गळून गेलेल्या. जांदिरानं ती उलगडली. एकाखाली एक आज्ञा, आणि चूक शोधता यावी म्हणून प्रत्येकीपुढं मूळ ओळीचा क्रमांक. चाळीस. एकेचाळीस. मग एकदम अडुसष्ट.

“मधल्या सव्वीस ओळी रिकाम्या सोडल्या असतील, दोना जांदिरा,” वाल्दीर आदरानं, चाचरत म्हणाला.

“तो सोडेल? आमच्या लग्नाच्या फोटोमागं लिहितानासुद्धा त्यानं बोटभर जागा ठेवली नाही रे.”

चर्चमध्ये न आलेलं रडू तिला तिथं खुर्चीत फुटलं. वाल्दीर खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पण पुढं पंपात काही बदल करायचा तर मूळ स्क्रिप्ट हवीच होती. दुपारभर बसून तिनं आज्ञांवरून ती पुन्हा लिहून काढली. क्रमांक जुळावेत म्हणून एकेचाळिसाव्या ओळीखाली मोजून सव्वीस ओळी कोऱ्या सोडल्या. कंपाइल केलं, पंपावरच्या फाइलीशी ताडून पाहिलं. दोन्ही तंतोतंत सारख्या.

“जमलं!” वाल्दीर ओरडला. “काहीसुद्धा हरवलं नाही, दोना जांदिरा!”

“पंपाचं काही हरवलं नाही रे,” ती म्हणाली.