पांढऱ्या पट्टीखालचा खिळा

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. नियमांशिवाय खेळ म्हणजे नुसती मारामारी, असं माझं ठाम मत आहे. आमच्या ओहायोतल्या हौशी अमेरिकन फुटबॉलमध्ये नियम आहेत. मारामारीही आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या तळव्याला सात खिळे होते, आतून पोलादी, वरून प्लास्टिकचं टोपण. नियम सोपा: खिळा अर्ध्या इंचाहून लांब नको, आणि टोपण झिजून पोलाद दिसलं की तो बदलायचा. माझे धनी लाइल डंकल घरांची छपरं घालतात. पहिल्या मोसमात ते मला ब्रशने घासत, चारचौघांत माझं कौतुक करत. मग एका शनिवारी त्यांच्या संघाने शेजारच्या गावाला हरवलं. तेव्हापासून मला धुणं बंद, खिळे बदलणं बंद. का, तर नशीब निघून जाईल. पुढचे अकरा सामने आम्ही हरलो.

टाचेजवळच्या खिळ्याला धार आली. मला ओरडता येत नाही. मी चिखलात मुद्दाम खोल रुतून पाहिलं. लाइलना वाटलं, काय पकड बसते आहे.

अखेर ऑक्टोबरात एका सामन्याआधी ओटिस क्रेनच्या ते लक्षात आलं. तो लाइलचा मित्र, धान्याच्या कोठारावर कामाला, खेळताना अगदी शेजारी उभा राहणारा.

"लाइल, ही सुरी पायात घालून कुठे निघालास?"

"तू नको येऊस पायाखाली, म्हणजे झालं."

"सोमवारी कोठाराच्या शिडीवर चढायचंय मला. मका यायला लागलाय. पाय लागतात रे त्याला."

प्रशिक्षक बर्ल स्टॅम्पर यांनी तंटा मिटवला. या खेळात मुरगळलेल्या घोट्यापासून तडकलेल्या शिरस्त्राणापर्यंत सगळ्यावर एकच औषध, पांढरी चिकटपट्टी. तिचे दोन वेढे खिळ्यावर बसले.

पंच व्हर्ना कोल्बी, टपालखात्यातून निवृत्त झालेल्या बाई. आमच्या लीगमध्ये पंच बूट उलटे करून बघत नाहीत, प्रशिक्षकाला विचारतात. त्याचा शब्द हीच तपासणी.

"सगळ्यांचे बूट नियमात आहेत ना, बर्ल?"

"आहेत हो, मॅडम. शब्द देतो."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो. खाली वाकायचीही गरज नव्हती, नुसता पाय वर करायला सांगितलं असतं तरी भागलं असतं.

तिसऱ्याच झटापटीत पट्टी सुटली. माणसांचा ढीग कोसळला, ओटिस तळाशी, आणि मी त्याच्या पोटरीवर. अकरा टाके पडले. ऐन सुगीत तीन आठवडे शिडी बंद. कोठारावर दुसराच माणूस चढला.

स्ट्रेचरवरून ओटिस एवढंच म्हणाला, "लाइल, आता तरी धू ते नशीब."

मित्रांनो, माणसांच्या शब्दावर खुशाल विश्वास ठेवा, पण बूट उलटा करून बघा. आम्ही बोलत नाही. आमचा तळवाच काय ते सांगतो.

त्याच दुपारी लाइलनी ट्रकच्या फळीवर बसून पाना काढला आणि माझे सातही खिळे बदलले. नऊ मिनिटं लागली.