हातात राहिलेला नावाडी

मित्रांनो, मी एक जुना नावाडी आहे. माझ्या हातात वल्हे आहे आणि पाठीमागे खवळलेला समुद्र आहे, पण पाण्याचा एक थेंब जरी अंगावर पडला तरी मी फुगून वाया जाईन. कारण मी कागदाचा आहे. मी खेळातला एक पत्ता आहे.

आम्हां पत्त्यांचा स्वभाव जरा संशयी असतो. निम्मे आयुष्य पालथे पडून काढायचे. आपल्या वर कोण आहे, खाली कोण आहे, ते कळत नाही. त्यात समोरच्याने आपला चेहरा पाहू नये म्हणून आपला धनी आपल्याला छातीशी धरून बसतो. असे दिवस काढल्यावर कोणाचाही भरवसा वाटेनासा होतो.

छापखान्यात माझे कोपरे गोल कापले गेले आणि चार सोबत्यांबरोबर मला एका चकचकीत पुडीत भरण्यात आले. ती पुडी ज्याने फोडली त्याला सोनेरी ड्रॅगन हवा होता. मला पाहून तो म्हणाला, "शी! परत नावाडीच!" त्याच दिवशी त्याने मला उओझू गावातल्या कुवाबाराबाईंच्या दुकानात विकून टाकले. तांदळाच्या दुकानावरच्या माळ्यावर ते पत्त्यांचे दुकान होते. तिथे दहा येनला एक अशा पत्त्यांच्या खोक्यात मी तीन वर्षे पडून होतो. शेकडो बोटांनी मला पुढे ढकलले, पण बाहेर कोणी काढले नाही.

मला बाहेर काढले ते मिझुहोने. ती तेरा वर्षांची होती. त्या दिवशी ती खोक्यातून नावाडी वेचत होती आणि दर दोन पत्त्यांमागे एकदा मान वळवून मागे बघत होती. मागच्या टेबलाशी सेगावा आजोबा जवाचा गार चहा पीत बसले होते, आणि तेही तिच्याकडेच बघत होते.

हे आजोबा तिचे प्रतिस्पर्धी. दरवर्षी कुवाबाराबाईंच्या दुकानातून एकच खेळाडू तोयामा शहरातल्या मोठ्या स्पर्धेला जायचा, आणि सलग दोन वर्षे अंतिम डावात आजोबांनी मिझुहोला हरवून ती जागा पटकावली होती. यंदा ती तिला काहीही करून हवी होती.

आमच्या खेळात प्रत्येकाची चाळीस पत्त्यांची गड्डी असते. आपल्या पाळीला गड्डीतून एक पत्ता उचलायचा. उचलायला पत्ताच उरला नाही, की हार. आजोबा कधी हल्ला करत नसत. ते आपले एकावर एक दगडी भिंती मांडून बसायचे आणि मधूनच 'ओहोटी' नावाचा पत्ता टाकायचे. ओहोटी पडली, की समोरच्याच्या गड्डीतले वरचे तीन पत्ते वाया गेलेल्या पत्त्यांच्या ढिगात वाहून जात. मिझुहो भिंतींवर डोके आपटत राहायची आणि तिची गड्डी आधी संपायची.

यावर उतारा म्हणजे मी. मला टेबलावर ठेवले, की वाया गेलेल्या ढिगातले पाच पत्ते नावेत घालून मी पुन्हा गड्डीत आणतो. मला थोपवू शकेल असा एकच पत्ता आहे, 'गंजकी साखळी'. ती पडली, की मी खेळातूनच बाद.

मिझुहोने तीन आठवडे खपून गड्डी बांधली. आपले लाडके आगीचे चार पत्ते काढून तिने आम्हां चौघा नावाड्यांना जागा दिली. आमच्यासाठी तिने नवी प्लॅस्टिकची कव्हरे घेतली. ही खरेदी आजोबांच्या कानावर जाऊ नये म्हणून ती आगगाडीने दोन स्टेशने पुढे गेली. घरी ती खोलीचे दार लावून बसे.

तिची थोरली बहीण कोनोहा भाताचे गोळे घेऊन आली, तर मिझुहोने पत्त्यांवर चक्क उशी टाकली.

"अगं, मी खेळते तरी का?" कोनोहा म्हणाली.

"तू खेळत नाहीस. पण बोलतेस."

"मग मांजराला तरी आत का घेतलंस? ते रोज सेगावा आजोबांच्या दारात मासे खायला जातं."

मिझुहोने खरोखरच मांजर बाहेर काढले. खरे सांगू का, तेव्हा मलाही ते योग्यच वाटले.

अंतिम डाव रविवारी दुपारी होता. आमच्याकडची रीत अशी, की खेळाआधी आपली गड्डी समोरच्याच्या हातात द्यायची आणि त्याने ती पिसायची. आजोबांनी पोस्टात चाळीस वर्षे पाकिटे लावली होती. त्यांची बोटे आमच्यावरून फिरली आणि थबकली. पुन्हा फिरली. पुन्हा थबकली.

"कुवाबाराबाई," त्यांनी हाक मारली, "जरा इकडे या. हिचे चार पत्ते निसटतायत."

बाईंनी पाहिले. छत्तीस पत्त्यांची कव्हरे घासलेली होती आणि चारांची कोरी. न उलटताही ओळखू येतील असे चार पत्ते! बघायला जमलेल्या मंडळींत कुजबुज सुरू झाली. "खुणा केल्यात की काय?" कोणीतरी म्हणाले. जी मुलगी साऱ्या गावावर संशय घेत होती, तिच्यावरच आता सगळे संशय घेत होते. तिचे कान लाल झाले.

"मी मुद्दाम नाही केलं हो!"

"मुद्दाम केलं असतंस तर इतकं वाईट केलं नसतंस," बाई म्हणाल्या. "पंधरा मिनिटं देते. सगळ्यांना नवी कव्हरं घाल."

कव्हरे बदलायची म्हणजे चाळीसही पत्ते उलटे करायचे. आजोबांनी खुर्ची फिरवली आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले. मिझुहोने खिडकीच्या काचेकडे पाहिले. काचेत टेबल दिसत होते! ती तरातरा उठली आणि तिने पडदा ओढला.

"बरं केलंस," आजोबा म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "ऊन लागत होतं."

तुमच्या लक्षात आले ना? गप्प राहिले असते, तर आमचे चौघांचे ठिकाण आजोबांना डावभर कळत राहिले असते. तरी ते बोलले. पण मिझुहोला वाटले, हा आपल्याला घाबरवण्याचा डाव. आणि मलाही तसेच वाटले.

डाव रंगला. बाकीचे तिन्ही नावाडी ओहोटीत वाहून गेले. उरलो मी, मिझुहोच्या हातात. तिच्या गड्डीत तीन पत्ते होते, आजोबांच्या चार. मला टाकले असते तर तिचे आठ झाले असते आणि आजोबा आधी संपले असते. पण आजोबांच्या हातात एक पत्ता होता, आणि किती पाळ्या झाल्या तरी ते तो खेळत नव्हते.

साखळी! मिझुहोचा अंगठा माझ्यावर घट्ट दाबला गेला. आधी साखळी बाहेर काढायची, मग नावाडी, असे तिने ठरवले. मला ठेवून तिने आमिष म्हणून दुसराच पत्ता टाकला. आजोबा ढिम्म. तिने पाळी संपवली. आजोबांनी गड्डीतून पत्ता उचलला, पाहिला आणि टेबलावर ठेवला. ओहोटी.

तीन पत्ते वाहून गेले. तिची पाळी आली तेव्हा उचलायला काहीच नव्हते. मी हातातच राहिलो.

आजोबा वाकले. "ती जागा मला मिळाली खरी. पण तुझ्या हातात काय होतं गं?"

तिने मला दाखवले. आजोबांच्या भुवया वर गेल्या.

"हा टाकला का नाहीस?"

"तुमच्याकडे साखळी होती ना?"

आजोबांनी पत्ता उलटला. दगडी भिंत. टेबलावर पाच भिंती झाल्यावर सहावी मांडता येत नाही, म्हणून पडून राहिलेली.

"गड्डीत साखळी घ्यायची तर एक भिंत काढावी लागते. माझा जीव होत नाही."

"मग मी पत्ते वेचताना बघत का होतात?"

"तू बघत होतीस म्हणून! म्हटलं, पोरगी काहीतरी घाट घालतेय."

मिझुहो रडता रडता हसली. नाक पुसून तिने गड्डी त्यांच्यापुढे सरकवली. "अजून एक डाव. नुसताच."

त्या नुसत्या डावात मी हातात आल्याबरोबर तिने मला टेबलावर ठेवले. जन्मल्यापासून पहिल्यांदाच मी वल्हे मारले आणि पाच पत्ते परत आणले. त्या दिवशी भिंतीवाले आजोबा आधी संपले. तोयामाला मात्र तेच गेले.

आता मिझुहो मोठी झाली आहे आणि मी तिच्या कपाटात एका डबीत असतो. मित्रांनो, माझी विनंती ऐका. आम्हांला कोरडे ठेवा, आमचे कोपरे दुमडू देऊ नका. पण जपायचे म्हणून आम्हांला मुठीत आवळून बसू नका. समोरच्याच्या हातात काय आहे, ते मलाही कधी ओळखता आले नाही. तुमच्या हातात मी आहे. मला टेबलावर ठेवा.