थ्रेस्याम्माची कवळी

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर रिन्सीच्या वाट्याला पहिली रुग्ण आली ती थ्रेस्याम्मा. कोट्टयमजवळच्या रबराच्या मळ्यांतून आलेली, पांढरंशुभ्र चट्टा-मुंडू नेसलेली सत्तरीची बाई. चर्चच्या पायरीवर चक्कर येऊन पडली होती. हाड शाबूत होतं, पण अंग पार उतरलं होतं. डॉक्टरांना पोटातल्या दुखण्याची शंका होती. रिन्सीनं तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं आणि चार गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या, एवढंच काम.

रिन्सी विचारायची आणि उत्तर द्यायची सून, शायनी.

"भूक लागते का, अम्मच्ची?"

"कसली भूक! कप्प्याचे कंद उकडा, माशाची आमटी करा, माझ्या हातचं काही गोडच लागत नाही त्यांना. पेजेची वरची निवळ तेवढी पितात."

"दुखतंय कुठे?"

"दुखत काही नाही. हट्टीपणा आहे नुसता."

म्हातारी खिडकीबाहेर बघत राहिली. रिन्सीनं सगळं लिहिलं आणि शिकवणाऱ्या सिस्टर बिआट्रिसना दाखवलं.

"हे कोणी सांगितलं?"

"सुनेनं."

"मग नाडीही सुनेचीच बघायचीस! पलंगावर कोण आहे, मुली? जा परत. आधी नीट बघ, मग हात लाव. आणि विचारल्यावर गप्प राहा. माणसाला बोलायला वेळ लागतो."

रिन्सीनं शायनीला चहा आणायला पाठवलं, पडदा ओढला, हात धुऊन चोळून गरम केले. नाडी जलद चालली होती. जीभ कोरडी पडली होती. आडवं असताना रक्तदाब ठीक होता. उठवून बसवलं तर झरकन उतरला आणि म्हातारीनं पलंगाची कड धरली.

"आता कवळी काढाल का? तोंड बघायचंय."

"नको, मोळे."

मोळे म्हणजे लेकी. रिन्सीच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता, तो तिनं गिळला. बराच वेळ दोघी नुसत्या बसून राहिल्या.

"ती येईल," म्हातारी हळूच म्हणाली.

"पडदा ओढलाय, अम्मच्ची."

तेव्हा कुठे कवळी निघाली. खालच्या हिरडीवर बोटाच्या पेराएवढी जखम होती, कडेनं लालभडक.

"सांगितलं का नाही कुणाला?"

"ही कवळी बसवायला शायनीनं मला कितीदा बसनं नेलं. वळणावळणाला तिला उलट्या व्हायच्या. पुन्हा चल म्हणू कोणत्या तोंडानं?"

"सिस्टरना मला सांगावं लागेल. शायनीताईला तुम्ही सांगा."

सिस्टर आल्या, मग बॅटरी घेऊन डॉक्टर आले. खाणं तुटलेलं आणि रक्तदाबाची गोळी मात्र रोज चालू, म्हणून चक्कर, असं त्यांना वाटलं. त्यांनी गोळी तूर्त थांबवली, सलाइन लावलं, पोटाची तपासणी पुढे ढकलली. "पण जखम पंधरवड्यात भरली नाही तर तुकडा काढून तपासू," असंही बजावलं.

शायनी चहा घेऊन आली, तर सासू बोळकी.

"कवळी कुठाय?"

म्हातारीनं चाचरत सांगितलं.

"म्हणजे मी रोज मसाला बदलत बसले होते! कधी मिरची कमी, कधी नारळ जास्त! अहो, तोंड उघडून सांगायचं ना!"

"आमटी चांगलीच असते गं तुझी. वासानं जीव कासावीस व्हायचा. चावताच यायचं नाही."

शायनीनं ओढणीनं डोळे पुसले आणि चहा बशीत ओतून फुंकायला लागली. संध्याकाळी तिनं घरून मऊ कुस्करलेला कप्पा आणला. म्हातारीनं तो सावकाश, पण सगळा संपवला.

दातांच्या डॉक्टरांनी कवळीची टोचणारी कड घासून दिली. पंधरवड्यानं सासू-सून दाखवायला आल्या तेव्हा जखम भरत आली होती, वजनही थोडं वाढलं होतं. रिन्सी वॉर्डात दुसऱ्या एका आजोबांपाशी बसली होती. त्यांचा मुलगा उत्तर द्यायला पुढे झाला, तसं ती म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"