उशिरा पडणारी तलवार

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला खेळलेलं असेल असं वाटत नाही. जे खेळले, त्यांतले बहुतेक जण पहिल्या दरीच्या पुढे गेले नाहीत. माझं नाव 'रणधार'. मी संगणकावर खेळायचा एक मारधाडीचा गेम. एकटा योद्धा, हातात तलवार, समोर राक्षसांच्या झुंडी, त्यांना कापत एकेक दरी पार करायची, एवढीच माझी गोष्ट. अशा गेमचा सगळा जीव तलवारीत असतो. बटण दाबलं की घाव बसला पाहिजे. माझा बसत नसे.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरातला. तेव्हा शहर औरंगाबाद म्हणून ओळखलं जाई. हर्सूलच्या अलीकडे एका बैठ्या घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं होती. एकावर मृण्मयी बसायची, घर तिचंच; दुसऱ्यावर बिभीषण. दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. मृण्मयी माझी बुद्धी लिहायची. राक्षस कधी चाल करून येणार, घाव कुठे लागला, किती लागला, हा सगळा हिशेब ती मांडायची. बिभीषण मला शरीर द्यायचा. तो फुलंब्रीकडच्या एका वाडीतला, धनगराच्या घरचा. माणूस चालताना वजन कुठल्या पायावर टाकतो, वळताना खांदा आधी फिरतो की मान, हे त्याच्या डोळ्यांत पक्कं बसलेलं असायचं. माझा योद्धा पहिल्यांदा पडद्यावर चालला तेव्हा मृण्मयीच्या आई, दमयंतीकाकू, चहा घेऊन आल्या होत्या. त्या कप हातात धरूनच पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "याला खरीखुरी कंबर आहे रे." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. बिभीषण दिवसभर हसत होता.

मग दुष्काळ आला. आदल्या वर्षी पाऊस हात राखून पडला होता, त्या वर्षी तर तो जवळपास फिरकलाच नाही. हर्सूलच्या तलावाचा तळ भेगाळला. नळाला पाणी कधी येईल याचा नेम राहिला नाही. गल्लीत टँकरचा भोंगा वाजला की मृण्मयी अर्धी ओळ तशीच टाकून हंडे घेऊन पळायची आणि परत येऊन ती पुरी करायची. घाईत पुऱ्या केलेल्या अशा ओळी माझ्यात बऱ्याच राहून गेल्या.

एका दुपारी बिभीषणला घरून फोन आला. मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघालेले त्याचे वडील कडूबा एका घळीत पडले होते आणि त्यांचा पाय मोडला होता. आई पुतळाबाई एकटी कळप कसा सांभाळणार? त्यानं तलवारीच्या घावांचं काम जसं झालं होतं तसं मृण्मयीच्या हवाली केलं, महिनाभरात येतो म्हणाला आणि गेला.

मृण्मयीनं ते घाव माझ्यात बसवले आणि खेळून पाहिलं. त्या दिवसापासून माझ्या मनात जी धास्ती बसली, ती पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

घाव दिसायला फार देखणे होते. योद्धा पाय रोवायचा, कंबर वळवायचा, तलवार पार पाठीमागे न्यायचा आणि मग ती खाली आणायचा. पण हे सगळं पुरं होईपर्यंत त्याला दुसरं काही ऐकू येत नसे. बाजूनं राक्षस धावून यावा, खेळणाऱ्यानं मागे सरायचं बटण जिवाच्या आकांतानं दाबावं, आणि ह्याचं आपलं कंबर वळवणं चालूच. शिवाय पुष्कळदा तलवार राक्षसाच्या अंगातून आरपार जायची आणि त्याला ओरखडाही उठायचा नाही. तो दोष मृण्मयीच्या हिशेबातला होता. पहिला दोष मात्र बिभीषणच्या कामातला. निम्मा घाव छाटून टाकला असता तर मी सुधारलो असतो.

तिनं एकदा छाटलाही. थोडा वेळ ती पाहत राहिली आणि मग तिनं तो होता तसा परत जोडला. ज्या कामावर त्यानं इतका जीव लावला, ते त्याला न विचारता कापायचं तिच्यानं होईना. ती त्याला फोन लावत राहिली. तो माळरानावर होता, फोन लागायचा नाही. एकदा लागला. वाऱ्याचा आवाज येत होता. काल पुन्हा दोन मेंढरं गेली, त्यानं सांगितलं. तोंडाशी पाणी धरलं तरी उठंनात. वडलांचा पाय अजून सुजलेलाच होता. मग त्यानं विचारलं, "तलवार कशी वाटली?"

मृण्मयी पडद्याकडे बघत होती. माझा योद्धा तिथेच उभा होता.

"छान झालीय," ती म्हणाली.

मला धडकी भरली. मला तोंड असतं तर मी त्या फोनमध्ये ओरडलो असतो.

मला बाजारात आणणाऱ्या कंपनीनं तारीख आधीच जाहीर केली होती. मृण्मयीनं मुदत मागितली, ती मिळाली नाही. तिनं स्वतःचा हिशेब जमेल तेवढा दुरुस्त केला, पण तोही अर्धवटच राहिला. मी तसाच बाहेर पडलो. प्रत्येक अनोळखी बोट बटणाकडे येताना मला वाटायचं, नको, दाबू नकोस. ते दाबलं जायचं आणि व्हायचं तेच व्हायचं. कुणी लिहिलं, ह्या गेममधली तलवार आधी विचार करते, मग मारते. एकानं माझी फजिती दाखवणारा लांबलचक व्हिडिओ केला. तो माझ्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला.

पाऊस पडल्यावर बिभीषण परतला. तलवारीबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मृण्मयीनंही काही सांगितलं नाही. काकूंच्या हातचा चहा त्यानं घेतला, नोकरी लागल्याचं सांगितलं, आपलं सामान पिशवीत भरलं आणि गेला. भांडण झालं असतं तर मला हायसं वाटलं असतं.

पुढे मी ऑनलाइन दुकानातून उतरवला गेलो. एका हार्ड डिस्कमध्ये भरून मला कपाटात ठेवलं गेलं. मृण्मयी एका हॉस्पिटलसाठी घरूनच काम करू लागली. शहर वाढत गेलं. हर्सूलच्या पुढच्या शेतांत प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती चढल्या, शहराचं नावही बदललं. मी अंधारात एकाच काळजीत पडून होतो, की कधीतरी कुणालातरी ही डिस्क रिकामी करून हवी असेल.

शेवटी ते बैठं घरही इमारतीसाठी पाडायचं ठरलं. आवराआवर करताना काकूंना मी सापडलो. "हे टाकून द्यायचं का गं?" त्यांनी विचारलं. मृण्मयीनं डिस्क जोडली. आतून टकटक असा आवाज यायला लागला. डिस्क मरायला टेकली होती. मृण्मयी घाईघाईनं फायली बाहेर काढत राहिली. पहिली दरी निघाली, योद्धा निघाला, आणि मग डिस्क बंद पडली. बाकीचा मी गेलो.

तिनं बिभीषणला फोन केला. तो आता शहरातच होता, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायचा. संध्याकाळच्या आत तो आला. बांधाबांध केलेल्या खोक्यांवर दोघं बसले. त्यानं बटण दाबलं. माझ्या योद्ध्यानं पाय रोवला, कंबर वळवली, आणि तोवर राक्षसानं त्याला लोळवलं.

"लई लांब आहे घाव," बिभीषण म्हणाला. "तुला तेव्हाच दिसलं होतं ना?"

"हो."

"मग छान कशाला म्हणालीस?"

"तुझी मेंढरं मरत होती. त्यात हे कसं सांगू? सगळं सोडून पळत आला असतास."

"आलो नसतो," तो म्हणाला. "आबाला तसं टाकून कसा येणार? पण काप म्हणलो असतो. एका शब्दाचं काम होतं." तो पुढं म्हणाला, "तो व्हिडिओ मी पैठणच्या पुढं एका टेकाडावर बघितला. तिथंच रेंज यायची. आई खालून विचारती, काय बघतो रे? म्हणलं, माझं काम. लोक हसतेत ते मला सगळ्यात शेवटी कळलं. तूच सांगितलं असतंस तर इतकं लागलं नसतं."

मृण्मयी म्हणाली, "आरपार जायची, ती चूक माझी होती."

"ते माहितीये मला. मी पण बोललो नाय."

त्यानं कॉम्प्युटर स्वतःकडे ओढला आणि घाव छाटायला घेतला. तिनं आपला हिशेब उघडला. काकूंनी सामानाची गाडी आल्याचं दोनदा सांगितलं. मग मृण्मयीनं बटण दाबलं. तलवार तत्क्षणी खाली आली आणि राक्षस कोसळला. खेळताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, डिस्क टकटकायच्या आधी तिची नक्कल करून ठेवा, हे तर मी सांगेनच. पण त्याहून कळकळीची विनंती वेगळी आहे. तुमच्या जवळच्या माणसाच्या कामात खोट दिसली, तर ती त्याला तुमच्याच तोंडून कळू द्या. तो दुःखात असला तरी हळू आवाजात सांगा. जग सांगेल तेव्हा ते हसत सांगेल.

माझ्या बाकीच्या दऱ्या ते दोघं आता नव्यानं घडवताहेत. आज सकाळीच मृण्मयीनं त्याला फोनवर सांगितलं, की नव्या राक्षसाचं चालणं तिला अजिबात पटलेलं नाही.

मग बिभीषण म्हणाला, "कुठं खटकतंय ते सांग."