कंसातले नाव

निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, दोनशे पानी वही म्हणजे मी. मित्रांनो, माझ्यामुळे एका चांगल्या माणसाची अब्रू गेली की राहिली, हे माझी गोष्ट ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात, एका दुकानाच्या फळीवर मी बरेच दिवस पडून होते. तिथून मला डॉक्टर वैदेहीने उचलले. वैदेही मूळची कोल्हापूरची. दिवसभर हॉस्पिटलात राबायची आणि उरलेल्या वेळात मास्टर्सचा प्रबंध लिहायची. ‘ही माझ्या थीसिसची वही, हिला कोणी हात लावायचा नाही,’ असे तिने घरी बजावले, तेव्हा मी फुलून गेले.

प्रबंधाचा विषय होता, ज्यांना स्वतःहून श्वास घेता येत नाही अशा रुग्णांची शुश्रूषा. दुसऱ्याचे वाक्य घेतले, तर तिथल्या तिथे कंसात त्याचे आडनाव, साल आणि पान लिहायचे, हा नियम तिच्या गाइडने पहिल्याच भेटीत सांगितला होता. वैदेहीला तो पाठ होता. चूक झाली ती घाईने.

मार्च २०२० मध्ये डब्लिनच्या एका ग्रंथालयात तिला एक टंकलिखित अहवाल सापडला. नोरा हॅलपिन नावाच्या नर्सने जुन्या पोलिओच्या साथीबद्दल लिहिलेला. श्वासासाठी लोखंडी यंत्रात ठेवलेल्या मुलांची रोजची हकीकत त्यात होती. प्रत एकच. घरी न्यायची नाही, फोटो काढायचा नाही, आणि वाचनकक्षात फक्त पेन्सिल चालणार. त्यात कोरोनामुळे दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालय बेमुदत बंद. वैदेही दुपारभर मान मोडून उतरवत राहिली. मधेमधे स्वतःचे विचारही लिहीत होती. “नाव, पान नंतर टाकते,” ती स्वतःशीच पुटपुटली. एवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. माझी अकरा पाने भरली होती, आणि त्यांवर ना नाव होते, ना साल, ना पान.

मग साथ आली. वैदेही कामावरून यायची ती भिंतीला टेकून बसायची. मी स्वयंपाकघरातल्या कपाटात, ज्याला इथे सगळे ‘प्रेस’ म्हणतात, तांदळाच्या पिशवीखाली दबून राहिले. पेन्सिलीची अक्षरे घासून पुसट झाली. ऑगस्टमध्ये तिने मला बाहेर काढले आणि अक्षरे जाऊ नयेत म्हणून पेनाने सगळी गिरवून घेतली, मधल्या मोकळ्या ओळींत नवे सुचले तेही लिहिले. किती प्रेमाने गिरवली! पण त्या दिवशी नोराची वाक्ये आणि वैदेहीची वाक्ये एकाच शाईत मिसळली. मला ते कळत होते. ओरडून सांगायला वहीला तोंड नसते.

नोव्हेंबरात प्रबंध विद्यापीठाकडे गेला. जानेवारीत पत्र आले. एका परीक्षकाने तो अहवाल कधीकाळी वाचून त्याची टिपणे काढली होती. प्रबंधातली सहा वाक्ये त्यातलीच आहेत आणि कुठेही उल्लेख नाही, म्हणून वाङ्मयचोरीची चौकशी होणार होती. दोषी ठरली तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर जुलैपासून ठरलेली स्पेशलिस्ट ट्रेनिंगची जागाही नाही.

वैदेहीने मला टेबलावर उघडले. तिच्या नाकावर मास्कचे वळ होते. ग्रंथालय अजून बंदच होते, मूळ अहवालाशी ताडून पाहायची सोय नव्हती. तिने पाने पुढे उलटली, मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली.

“बाबा, यातलं माझं कुठलं आणि तिचं कुठलं, मलाच कळत नाहीये,” ती म्हणाली. “आय स्वेअर, कळत नाहीये. मी चोर आहे का हो?” आणि तिने मला जमिनीवर भिरकावले. माझी शिवण उसवली.

तिचे बाबा, पद्माकर, कोल्हापूरच्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दोन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे आले आणि विमाने बंद झाल्याने वर्षभर अडकले. त्यांनी मला उचलले, खिडकीशी नेले आणि पान उजेडात तिरके धरले.

“हिकडं ये. हे बघ, शाईखाली शिसं चमकतंय. हे वाक्य पेन्सिलीवर गिरवल्यालं हाय. आनि ह्येच्याखाली कायबी न्हाई. म्हंजे ह्ये तू पेन्सिलीनं लिव्हलंच नव्हतंस, मागनं लिव्हलंयस.”

“पण त्या दिवशी माझंसुद्धा पेन्सिलीनंच होतं, बाबा.”

“मग पेन्सिलीचं सगळं तिचंच धरायचं. आपलं दोन गेलं तरी चालंल, दुसऱ्याचं एक ऱ्हायला नको.”

दोघांनी मिळून माझे एकेक पान तपासले. प्रबंधात गेलेली पेन्सिलीची वाक्ये तेवीस निघाली.

“त्यांना सहाच सापडलीत,” वैदेही हळूच म्हणाली.

बाबांनी मला तिच्या हातात दिले.

चौकशी व्हिडिओवर झाली. मी तिच्या मांडीवर होते. “सहा नाहीत,” ती म्हणाली. “तेवीस आहेत.” पलीकडच्या तिघांनी आकडा लिहून घेतला. निकाल आला तो असा: प्रबंध नामंजूर, वर्षभरात नव्याने लिहून देण्याची मुभा. ट्रेनिंगची जागा गेली. वैदेही दोन दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तिने नोरा हॅलपिनचा शोध सुरू केला. नोरा जवळच्याच एका वृद्धाश्रमात होत्या, वय शहाऐंशी. आत जायला बंदी होती. वैदेही मला छातीशी धरून खिडकीबाहेर उभी राहिली. आतल्या सेविकेने नोरांच्या कानाला फोन लावला.

“मी तुमची वाक्यं घेतली आणि तुमचं नाव खाल्लं,” वैदेही म्हणाली.

“हो, खाल्लंस,” नोरा म्हणाल्या. “ते सगळं मी एका बोटानं टाइप केलं होतं. साठ वर्षांत कोणी मागितलंसुद्धा नाही. कुठलं आवडलं तुला?”

वैदेहीने माझ्यातून वाचले: “मला मरणाची नाही, दोन श्वासांच्या मधल्या थांब्याची भीती वाटते.”

काचेआड त्या म्हाताऱ्या बाईचा चेहरा एकदम पडला.

“ते माझं नाही गं. उनाचं आहे. नऊ वर्षांची होती. यंत्रात झोपून मला म्हणाली होती. मी घाईत नाव टाकलंच नाही.”

“आडनाव काय तिचं?”

नोरांनी डोळे मिटले. कितीतरी वेळ ओठ हलत राहिले. “आठवत नाही,” त्या म्हणाल्या. “देवा, आठवतच नाही.”

वैदेही पुन्हा दोनदा गेली. त्यानंतर गेली तेव्हा त्या खाटेवर दुसरेच कोणी होते.

नवा प्रबंध त्या शरदात मंजूर झाला. बावीस ठिकाणी कंसात हॅलपिन आहेत. तेविसाव्या ठिकाणी लिहिले आहे: उना, वय नऊ, आडनाव मिळाले नाही.

मित्रांनो, दुसऱ्याचे वाक्य उतरवताना आधी नाव लिहा. नंतर लिहू म्हणाल, तर विचारायला कोणी उरलेले नसते.