कव्हराखालचा रेडिएटर

"घरात कुठलीही वस्तू उघडी ठेवायची नाही, आणि का ते विचारायचं नाही." करंजाड्याच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आलो, तेव्हा कानावर पडलेला हा घराचा पहिला नियम. मी रेडिएटर बोलतोय. गाडीतला नव्हे, गेम खेळायच्या कॉम्प्युटरमधला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. खोक्यातला अंधार तेवढा आठवतो. चपट्या नळ्या, त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या घड्या आणि पाठीवर तीन पंखे, एवढाच मी. कॉम्प्युटरमधला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही भयंकर तापट. त्यांना गार करून तापलेलं पाणी नळीतून माझ्याकडे येतं. पंखे वारा देतात, मी उष्णता वर बाहेर टाकतो आणि पाणी निववून परत पाठवतो. काम सोपं आहे, पण त्याला सुट्टी नाही.

मला आणलं अक्षतानं. वय तेवीस, कॉम्प्युटरची पदवी, जीभ तिखट. हॉलमध्ये जमिनीवर बसून दोन दिवसांत तिनं सगळं मशीन स्वतः जोडलं आणि मला मशीनच्या डब्याच्या छताशी बसवलं.

"पान्यावर चालतंय व्हय कॉम्प्युटर? शॉक बसंल की!" गिरजाआत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे अक्षताच्या वडिलांची थोरली बहीण. घर त्यांच्याच शब्दावर चालायचं. वडील कृष्णात मार्केटात माथाडी मुकादम होते. तिथं शंभर माणसांवर ओरडणारा हा गृहस्थ बहिणीपुढं मात्र मान खाली घालून चहा प्यायचा.

या घरात फ्रीजला कव्हर होतं, मिक्सरला कव्हर होतं, रिमोटला प्लॅस्टिक होतं, आणि कव्हरं शिवायच्या मशीनला तर दोन कव्हरं होती. आठवड्याभरात मलाही मिळालं. आत्यांच्या जुन्या जांभळ्या साडीचं, खाली झालर लावलेलं. मशीन बंद असताना माझी काही तक्रार नव्हती. समोर तीन इमारतींचं बांधकाम चालू होतं, दिवसभर डंपर धुरळा उडवायचे.

मग अक्षताला काम मिळायची वेळ आली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला पंधरा दिवस अजमावायला घेतलं. त्यांचा नवा गेम रोज सहा तास चालवायचा, त्यातल्या चुका शोधायच्या. मशीन तीनदा बंद पडलं, तर निरोप. निरोप मिळाला तर पुढं काय, तेही घरात ठरलं होतं: कृष्णातांच्या धाकट्या भावाच्या, दिलीपकाकांच्या, जुईनगरच्या एसी-फ्रीज दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेम आपोआप चालत राहील असा ठेवून अक्षता जेवायला गेली. आत्यांना खुर्ची रिकामी दिसली, स्क्रीन काळा दिसला. तो काळा होता कारण गेममध्ये रात्र चालू होती. आत्यांना वाटलं, पोरगी मशीन उघडं टाकून गेली. त्यांनी मायेनं कव्हर चढवलं, झालर नीट केली.

माझा श्वास कोंडला. पंखे जिवाच्या आकांतानं फिरले, पण तीच गरम हवा साडीला आपटून पुन्हा माझ्याच अंगावर. पाणी चाळीस अंश, पन्नास, साठ. शेवटी प्रोसेसरनं स्वतःला वाचवायला सगळंच बंद केलं.

अक्षता परत आली तेव्हा मशीन मेलेलं, वर कव्हर. तिला वाटलं, बंद पडल्यावर आत्यांनी झाकलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझ्याकडं आवाज म्हणून फक्त पंखे, आणि तेही थांबलेले.

दिलीपकाकांनी निकाल दिला, "रेडिएटर कमजोर आहे. दोन तापणाऱ्या वस्तू आणि एकच रेडिएटर? कसं झेपणार त्याला? डबल टाक."

मी कमजोर! ते ऐकून मला जे वाटलं ते कुणी विचारलं नाही.

दुसरा रेडिएटर आला. माझ्याएवढाच, नवा कोरा. तो पुढच्या बाजूला बसला, पाणी आधी त्याच्यातून मग माझ्यातून जाऊ लागलं. पहिल्या तासाभरात मी इतका हलका झालो की मला रागच धरता येईना. पण झालर पुढूनही खाली येत होती. आठव्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी गेममध्ये पुन्हा रात्र होती; कव्हर चढलं आणि आम्ही दोघंही गुदमरलो. मशीन दुसऱ्यांदा बंद.

"आता मशीनच खराब," काका म्हणाले. "सोमवारपासून दुकानात ये. टेन्शन नको घेऊस."

"मी टेन्शन घेत नाहीये काका, तुम्ही देताय!"

"आगं, काकाशी बोलतीयास," आत्या म्हणाल्या. कृष्णात चहाच्या कपात बघत राहिले.

नवव्या दिवशी अक्षतानं पाण्याचं तापमान मोबाइलवर दिसेल अशी सोय केली आणि ताटाशेजारी मोबाइल ठेवून जेवायला बसली. चौतीस. चौतीस. एकोणचाळीस. सत्तेचाळीस. ती उठली आणि उष्ट्या हातानं धावत आली. मशीन चालू होतं, आणि आत्या झालरीची घडी सरळ करत होत्या.

अक्षतानं डाव्या हातानं कव्हर ओढून काढलं. अहाहा! गार वारा माझ्या प्रत्येक घडीतून आरपार गेला. माझ्या आयुष्यात तेवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. आकडा उतरू लागला. मशीन वाचलं.

रविवारी तिनं मुद्दाम जोडीदाराला बाजूला काढलं आणि मला एकट्याला, उघड्या अंगानं, सहा तास चालवलं. पाणी त्रेचाळीसवर स्थिर राहिलं. पंख्यांचा आवाज मोठा, पण मशीन एकदाही अडखळलं नाही. मग पुन्हा दोघांना जोडलं. पाणी पस्तीस, पंखे इतके हळू की कृष्णात शेजारच्या पलंगावर घोरू लागले. अक्षतानं वहीत लिहिलं: एकानं काम भागतं, दोघांनी घर शांत राहतं. माझ्यावरचा कमजोरपणाचा डाग पुसला गेला. जोडीदारही राहिला. मला आणखी काय हवं?

सोमवारी दिलीपकाका तिला न्यायला आले. आत्या त्याच जांभळ्या साडीचं नवं कव्हर घेऊन उभ्या होत्या, यावेळी वर दोन भोकं पाडलेलं.

"आता वारं लागंल. आपल्यात उघडं ठेवत न्हाईत. आमी पत्र्याखाली राहायचो तवा छत गळायचं, पयला टीव्ही ह्याच साडीनं वाचला हाय."

"तेव्हा ते बरोबर होतं आत्या. आता वर स्लॅब आहे. धूळ मी दर रविवारी साफ करीन. पण यावर कव्हर घालायचं नाही. भोकांचंही नाही."

"थोरल्या मानसाचा मान म्हणून तरी घाल, अक्षता," कृष्णात हळूच म्हणाले.

"नाही घालणार बाबा. मी दुकानातही येणार नाही. माझे अजून पाच दिवस बाकी आहेत." मग ती काकांकडे वळली. "काका, तुमच्या दुकानातला एसी चालू असताना बाहेरच्या युनिटवर तुम्ही गोधडी टाकता का?"

काकांनी हातातली दुकानाची किल्ली खिशात टाकली. आत्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, कृष्णातांनी कपाकडं. कव्हर आत्यांच्या हातात तसंच राहिलं. अक्षतानं खुर्ची ओढून गेम सुरू केला, आणि आम्हा दोघांचे पंखे उघड्यावर फिरू लागले.