पाद्रीबाबांची बाजू

“सर, मला दुसरा कुणीतरी द्या.”

सरांनी फळा पुसता पुसता मान वळवली. “का हो काकू? पाद्रीबाबांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

मागच्या बाकांवर हशा पिकला. काकूही थोड्या हसल्या. सगळा वर्गच त्यांना काकू म्हणायचा, सरांसकट. पहिल्या दिवशी एका मुलीनं त्यांना अदबीनं सांगितलं होतं, “काकू, पालकांची सभा पलीकडच्या इमारतीत आहे.”

आर्थिक विचारांचा इतिहास शिकवण्याची सरांची एक रीत होती. जुन्या विचारवंतांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची चिठ्ठी हाती येईल, त्याच्या वतीनं वर्गापुढे बोलायचं. ‘तो म्हणतो’ असं नाही, ‘मी म्हणतो’ असं. शेवटी एक मिनिट स्वतःचं मत सांगायला. काकूंच्या हाती आले दोनशे वर्षांपूर्वीचे एक पाद्री. त्यांचं म्हणणं असं, की धान्यापेक्षा माणसं भराभर वाढतात. मग भूक आणि रोगराई जास्तीची माणसं कमी करतात. हे दुःखाचं आहे, पण निसर्गाचा नियम आहे.

“मला ते पटत नाही, सर.”

“पटायला कशाला हवं? ते आज इथे बसले असते, तर त्यांना वाटलं पाहिजे, हो, हेच म्हणायचं होतं मला. नाहीतर तो इतिहास नव्हे, चहाडी झाली.” सरांनी हात झटकले. “सोमवारी बोला. नाही बोललात तर पेपर राहील, आणि त्याच्यापायी वर्ष जाईल.”

घरून परवानगी मिळवतानाच काकूंच्या नाकी नऊ आले होते. आणखी एक वर्ष मागायला त्यांना तोंड नव्हतं.

रविवारी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून भाषण म्हणून पाहिलं. सासूबाई खाली बसून मटार सोलत होत्या. भाषणात जीव नव्हता. धुण्याची यादी वाचावी तसं चाललं होतं.

“कोण गं हा?” सासूबाईंनी विचारलं.

“होते एक धर्मोपदेशक, आई.”

“मग चूक काय बोलला बिचारा? वाईट कुणाला वाटत नाही? पण सगळीच जगली, तर त्यांना घालायचं काय?” सासूबाईंनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात पडले. “तुझ्या धाकटीचंच बघ ना. तेव्हा कारखाना बंद, हे अंथरुणाला खिळलेले. गेली तशी सुटली बिचारी. तिच्या वाटचं दूध थोरल्या दोघांच्या पोटात गेलं, म्हणून तर ही पोरं उभी राहिली.”

हे सासूबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या. अगदी याच आवाजात, काकूंच्या पाठीवरून हात फिरवत. त्याच हातांनी त्यांनी धाकटीला रोज न्हाऊमाखू घातलं होतं. काकू तेव्हा रडल्या नव्हत्या. आजही त्यांना रडू आलं नाही. त्यांनी कागदाची घडी केली आणि मटार सोलायला बसल्या.

सोमवारी त्या कागदाशिवाय बोलल्या. हळू, मायेनं.

“मी कुणाचा वैरी नाही. ज्यांना मी मातीत पुरतो, त्यांच्या आयांचे डोळे मी पुसतो. पण ताटात आहे त्याच्यापेक्षा जास्त मी कुठून वाढू? एक गेलं. त्याच्यासाठी मी प्रार्थना करतो. पण त्याचा घास उरलेल्यांना मिळाला, हे खोटं आहे का? तुम्हीच सांगा. मी आणखी काय करायला हवं होतं?”

पाद्रीबाबांना उत्तर द्यायचं काम एका उंच मुलाकडे होतं. तो बाही सारत उठला, कागद चाळले, आणि म्हणाला, “सर, मी... नंतर बोललो तर चालेल?”

“बसा.” सर काकूंकडे वळले. “पाद्रीबाबा खूश झाले असते. आता तुमचं मिनिट. आता स्वतःच्या बाजूनं बोला.”

काकू उभ्या राहिल्या. मिनिट सरत गेलं.

“माझं काही नाही, सर.”

“त्याचे गुण जातील, काकू.”

“जाऊ देत.”

घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. “जमलं का गं?”

“जमलं, आई. होईन पास.”

“मी सांगितलेलं कामी आलं?”

“तेच तर बोलले.”

सासूबाईंचा चेहरा खुलला. “बघ! शाळेचं तोंड नाही पाहिलं मी.” मग जरा ओशाळून त्यांनी पाय पुढे केला. “बोटाचं नख फार वाढलंय गं. मला वाकवत नाही.”

काकूंनी पिशवी भिंतीला टेकवली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, पाय मांडीवर घेतला. नख जाड झालं होतं, एका बाजूनं मांसात रुतलेलं. त्या अगदी कडेकडेनं कापत गेल्या.

“दुखतंय?”

“छे गं,” सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. “तुझा हात हलका आहे.”